सेन्सरमधली नवी कल्पना पेटंटपर्यंत कशी न्यायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ट्रेंडवर, म्हणजे रीडिंगच्या आलेखावर, अगदी सरळ रेघ होती. प्रवाह मोजणाऱ्या डीपी (दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरचं आउटपुट १२ मिलिअँपिअरवर चिकटून बसलं होतं आणि कंट्रोल रूममध्ये सगळे खूश होते, कारण आदल्या आठवड्यापर्यंत तेच रीडिंग वरखाली नाचत होतं. मी खाली जाऊन ड्रेन व्हॉल्व्ह उघडला, तर थेंबही येईना. दोन्ही इम्पल्स लाइन, म्हणजे पाइपमधला दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणाऱ्या बारीक नळ्या, गाळानं तुंबल्या होत्या. आत कोंडलेला दाब ट्रान्समीटर इमानेइतबारे दाखवत होता.

वाहत्या प्रवाहाच्या सिग्नलमध्ये बारीकशी थरथर असतेच. ती थांबली म्हणजे लाइन तुंबली, हे ट्रान्समीटरनं स्वतःच ओळखलं तर? मला वाटलं, हे जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. तसं काही नव्हतं, पण त्यातूनच पुढे एक खरोखर नवी गोष्ट निघाली आणि तिच्या अर्जापायी मी बरीच वर्षं कागदपत्रांत घालवली. तेव्हा जे कोणी सांगितलं नाही ते इथे लिहितोय. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या पेटंट एजंटचा. मी सांगतोय ती वाट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

आधी हे गोळा करा

- पानांना क्रमांक असलेली, बांधलेली वही. सुटे कागद नकोत.
- कल्पनेची ब्लॉक आकृती: सेन्सर, सिग्नल कंडिशनिंग, कंट्रोलर, व्हॉल्व्ह. हातानं काढलेली चालेल.
- चाचणीचा कच्चा डेटा, सॅम्पलिंगचा वेग आणि फिल्टरच्या सेटिंगसकट.
- नोकरीचा करार. हो, तोच, जो सही करताना कोणी वाचत नाही.
- बाहेरच्या कोणाला दाखवायचं असेल तर गोपनीयतेचा करार.
- ज्यांचा खरोखर हातभार लागला त्या सगळ्यांची नावं.

१. तोंड बंद ठेवा

हे पहिलं पाऊल आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. अर्ज दाखल होण्याआधी कल्पना जाहीर झाली, तर तिचं नावीन्य संपतं. परिषदेतला पेपर, प्रदर्शनातला डेमो, समाजमाध्यमावरची पोस्ट, ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन, यातलं काहीही जाहीर करण्यात मोडू शकतं. काही देश अशा चुकीला ठरावीक महिन्यांची सवलत देतात, काही जवळपास काहीच देत नाहीत. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

आपल्या क्षेत्रात एक खास अडचण आहे. सेन्सर टेबलावर सिद्ध होत नाही, तो खऱ्या प्लांटमध्ये लावून बघावा लागतो आणि प्लांट दुसऱ्याचा असतो. तिथे गोपनीयतेच्या कराराशिवाय चाचणी घेतली, तर उद्या कोणीही म्हणू शकतं की हे सगळ्यांसमोर वापरात होतं. आधी सही, मग वायर जोडणी.

२. कल्पना तीन ओळींत लिहा

अडचण काय, तुम्ही नेमकं काय केलंत आणि त्यानं कोणता तांत्रिक फरक पडला. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर थांबा. ‘ए.आय. वापरून सेन्सरमधला बिघाड ओळखणे’ ही नुसती इच्छा झाली. ‘डीपी सिग्नलची थरथर ठरावीक वेळ मोजून, निरोगी अवस्थेतल्या थरथरीशी ताडून, लाइन तुंबल्याचा इशारा देणे’ याला शोधाचा आकार आहे. नवा आहे की नाही, ते पुढच्या पायरीवर कळेल.

कंट्रोल अल्गोरिदमवाल्यांनी इथे जास्त सांभाळावं. नुसतं गणित किंवा नुसता प्रोग्रॅम बऱ्याच देशांत पेटंटला चालत नाही. तेच गणित प्रत्यक्ष मोजमापाला आणि प्रत्यक्ष व्हॉल्व्हला बांधलं आणि त्यामुळे मोजमाप अचूक झालं किंवा लूप (मोजमाप आणि व्हॉल्व्ह यांची नियंत्रण-साखळी) शांत झाला, तर गोष्ट वेगळी होते.

३. आधी कोणी केलंय का, ते शोधा

इथे वेळ घालवा. मी दोन दिवसांत उरकलं आणि ‘काही सापडलं नाही’ म्हणून नाचत एजंटकडे गेलो. त्यानं माझ्यासमोर बसून तासाभरात सिग्नलच्या थरथरीवरून तुंबलेली लाइन ओळखणारी अनेक पेटंटं काढून दाखवली. त्यातली काही मी शाळेत असतानाची होती.

माझी चूक शब्दांची होती. मी ‘क्लॉग्ड इम्पल्स लाइन’ एवढंच शोधत होतो. कोणी त्याला ‘प्लग्ड’ म्हणतं, कोणी ‘ब्लॉक्ड’. इम्पल्स लाइनला कुठे ‘प्रेशर गाइडिंग ट्यूब’ म्हणतात, कुठे ‘कनेक्टिंग पाइप’. जपानीतून भाषांतर झालेल्या पेटंटांमध्ये तर शब्द आणखी बदलतात. वकील मंडळी मुद्दामच ढोबळ शब्द घालतात: ‘ट्रान्समीटर’च्या जागी ‘फील्ड डिव्हाइस’, ‘नॉइज’च्या जागी ‘सांख्यिकीय गुणधर्म’. म्हणून शोधाला बसण्याआधी प्रत्येक भागासाठी पाच-सहा प्रतिशब्दांची यादी करा.

शब्दांपेक्षा खात्रीची वाट म्हणजे वर्गीकरणाचे क्रमांक. जगभरची पेटंट कार्यालयं एकच आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात. त्याचा करार १९७१ साली स्ट्रासबर्गला झाला. आपल्या कामाचे वर्ग हे:

- तापमान: जी०१के. त्यात ७/०२ थर्मोकपलसाठी, ७/१६ आरटीडीसारख्या रोधावर चालणाऱ्या सेन्सरसाठी.
- दाब आणि बल: जी०१एल.
- प्रवाह आणि पातळी: जी०१एफ. कोरिऑलिस मीटर १/८४ मध्ये, पातळीमापन २३ मध्ये.
- रासायनिक विश्लेषण: जी०१एन.
- कंट्रोल सिस्टिम: जी०५बी. पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) १९/०५ मध्ये, अनुकूली नियंत्रण १३ मध्ये, सिस्टिमची देखरेख आणि बिघाडाचं निदान २३/०२ मध्ये.
- प्रवाह, तापमान वगैरे प्रत्यक्ष राशींचं नियमन: जी०५डी.

(डेटाबेसमध्ये ही अक्षरं अर्थातच रोमन लिपीत टाकायची.)

युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट आहेत. तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळचं एक पेटंट सापडलं की त्याच्या मागे-पुढे चाला: त्यानं कोणाचा दाखला दिलाय आणि नंतर कोणी त्याचा दाखला दिलाय. शब्दांनी दहा दिवसांत जे हाती लागत नाही ते या साखळीत दुपारभरात लागतं. आणि फक्त पेटंटंच बघू नका. जुने मॅन्युअल, परिषदेतले पेपर, कंपन्यांच्या अॅप्लिकेशन नोट, हे सगळं पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या दृष्टीनं ‘आधीचं ज्ञान’च.

तुमच्या कल्पनेतलं सगळं दुसऱ्याकडे निघालं तरी खचू नका. माझ्या बाबतीत ती जुनी पेटंटं वाचतानाच खरा प्रश्न दिसला. एकच लाइन तुंबली तर थरथर उलट वाढते, कारण दोन्ही बाजूंना सारखेच येणारे दाबाचे हेलकावे आता एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही तुंबल्या तर ती विझते. पण प्रवाहच थांबला, तरीही ती विझते! मग लाइन तुंबलीये की पंप बंद आहे, हे नुसत्या थरथरीवरून कसं सांगणार? आमचा उपाय असा: कंट्रोल व्हॉल्व्ह अगदी किंचित, ठरावीक पद्धतीनं हलवायचा आणि त्याची चाहूल ट्रान्समीटरला किती वेळात लागते ते मोजायचं. अर्ज शेवटी त्यावर झाला.

४. मालक कोण, ते आधीच ठरवा

शोध लावणारा आणि पेटंटचा मालक, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. नोकरीच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की कामाच्या संदर्भात लागलेला शोध कंपनीचा. घरी, स्वतःच्या वेळेत केलं म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. संस्थेला वाटा नको असेल तर तसं लेखी घ्या.

लेखी कशासाठी, तर स्ट्रेन गेजची गोष्ट बघा. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तारेचा, चिकटवायचा स्ट्रेन गेज तयार केला: कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज. रूज उंचावरच्या पाण्याच्या टाकीवर भूकंपाचा काय परिणाम होतो ते तपासत होता. एमआयटीच्या पेटंट समितीला या शोधातून फारसा धंदा होईल असं वाटलं नाही, म्हणून तिनं हक्क सोडून रूजला मोकळं केलं. आज वजनकाट्यातल्या लोडसेलपासून प्रेशर ट्रान्समीटरपर्यंत सगळीकडे त्याचीच वंशावळ दिसते. समितीनं सोडलेला हक्क कागदावर होता. सिमन्सला मात्र त्याच्या संस्थेशी मालकीवरून कोर्टात जावं लागलं.

सहसंशोधकांची नावंही आत्ताच ठरवा. चाचणीला मदत केली म्हणून कोणी संशोधक होत नाही, आणि ज्यानं क्लेममधली (अर्जातल्या हक्क मागणाऱ्या कलमातली) कल्पना दिली त्याला साहेब नाही म्हणून गाळताही येत नाही. साहेबांचं नाव ‘मान म्हणून’ घालण्याची पद्धत फार जुनी आहे. काही देशांत तिच्यापायी पेटंटच अडचणीत येतं.

५. पेटंट घ्यायचं की गुपित ठेवायचं?

पेटंट म्हणजे सौदा. तुम्ही सगळं उघड करता, त्या बदल्यात साधारण २० वर्षं इतरांना ते वापरण्यापासून रोखण्याचा हक्क मिळतो. शोध फर्मवेअरच्या पोटात दडलेला असेल आणि स्पर्धकानं तो चोरला तरी बाहेरून ओळखता येणार नसेल, तर तो सौदा महागात पडू शकतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: समोरच्याचं यंत्र विकत आणून, ते चालवून, मला चोरी सिद्ध करता येईल का? येत असेल तर पेटंट घ्यावं, नसेल तर गुपिताचा विचार करावा.

जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनावर वेग आवरणारा, फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, पण त्याचं पेटंट घेतलं नाही, कारण तसली युक्ती पिठाच्या गिरण्यांत आधीपासून होती. गुपित राखायचा प्रयत्न झाला. पण इंजिनाच्या डोक्यावर गरगर फिरणारे दोन गोळे लपवणार कुठे?

६. डेटा असा गोळा करा की परीक्षकाचं तोंड बंद होईल

आमच्या पहिल्या चाचणीचा सगळा डेटा वाया गेला. ट्रान्समीटरमध्ये डॅम्पिंग (सिग्नलचे चढउतार गुळगुळीत करणारी सेटिंग) २ सेकंदांवर होतं आणि कंट्रोल सिस्टिम सेकंदाला एकदाच रीडिंग घेत होती. जी थरथर मोजायची तीच आम्ही गाळून टाकत होतो. डॅम्पिंग शून्यावर आणून, सॅम्पलिंग वाढवून सगळं पुन्हा केलं. तुमचाही शोध सिग्नलच्या बारीक वागण्यावर उभा असेल तर साखळीतला प्रत्येक फिल्टर आधी शोधा: सेन्सरमधला, इनपुट कार्डमधला, हिस्टोरियनमधला (रीडिंग साठवून ठेवणाऱ्या प्रणालीतला). हिस्टोरियनचं कॉम्प्रेशन तर हमखास विसरलं जातं.

तुलना हवीच. जुनी पद्धत आणि तुमची पद्धत, एकाच प्लांटवर, त्याच परिस्थितीत. जिथे तुमची पद्धत चुकली ते प्रसंगही वहीत ठेवा. क्लेमच्या सीमा आखताना तेच कामी येतात.

वहीबद्दल एक गोष्ट. बेल लॅब्समधल्या हॅरॉल्ड ब्लॅकला निगेटिव्ह फीडबॅकच्या अॅम्प्लिफायरची कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर आकृती काढली आणि ऑफिसात पोचल्यावर सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. तेव्हा अमेरिकेत ‘आधी कोणी शोधलं’ यावर हक्क ठरत असे. २०१३ पासून तिथेही ‘आधी अर्ज कोणाचा’ हाच नियम आहे. तरीही कोणी काय केलं हा वाद उपटला की तारीख आणि सही असलेली वहीच धावून येते.

७. क्लेम लिहिताना

अर्जाचं वर्णन कितीही पानांचं असो, हक्काची हद्द ठरते ती त्याच्या शेवटी येणाऱ्या क्लेमनी. शेताला जसे बांध, तसे शोधाला क्लेम. क्लेममध्ये तुम्ही जितके भाग मोजाल, तितके सगळे समोरच्याच्या यंत्रात असतील तरच उल्लंघन. एक शब्द जास्त पडला की एक पळवाट तयार.

आमच्या पहिल्या मसुद्यात ‘डायफ्रॅम असलेला कॅपॅसिटिव्ह डीपी ट्रान्समीटर’ असं होतं, कारण आमच्याकडे तो होता. एजंटनं विचारलं, ‘पिझोरेझिस्टिव्ह सेलवर हे चालत नाही का?’ चालतं. मग ‘कॅपॅसिटिव्ह’ कशाला? शब्द गेला. प्रत्येक विशेषणाला असंच उभं करून उलटतपासणी घ्या.

आता एक सापळा, जो सेन्सर आणि कंट्रोलच्या शोधांत वारंवार दिसतो. आमचा मूळ क्लेम असा होता: व्हॉल्व्ह हलवणारा कंट्रोलर, प्रवाह मोजणारा ट्रान्समीटर आणि दोघांची तुलना करणारी संगणक प्रणाली. ऐकायला ठीक. पण ट्रान्समीटर एका कंपनीचा, व्हॉल्व्ह दुसरीचा, सॉफ्टवेअर तिसरीचं. तिन्ही एकत्र येतात ते ग्राहकाच्या प्लांटमध्ये. म्हणजे उल्लंघन करणार तुमचा ग्राहक, आणि स्पर्धकांपैकी प्रत्येक जण म्हणणार, ‘आम्ही तर एकच डबा विकतो.’ म्हणून एकेका डब्याच्या नजरेतून वेगळा क्लेम लिहा. नुसत्या ट्रान्समीटरचा क्लेम: ‘व्हॉल्व्ह हलल्याचा संकेत घेणारा आणि प्रतिसादाला लागलेला वेळ मोजून निदान देणारा’. नुसत्या कंट्रोलरचा वेगळा. पद्धतीचा वेगळा.

मुख्य क्लेम रुंद ठेवा आणि त्याच्याखाली अवलंबून असलेले अरुंद क्लेम उतरत्या पायऱ्यांसारखे बांधा: किती मिलिसेकंद, किती टक्के हालचाल, कोणता फिल्टर. वरची पायरी परीक्षकानं काढली तरी पाय टेकवायला खालची राहते. आणि वर्णनात पर्याय भरपूर लिहा, कारण अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवी माहिती घालता येत नाही. मी घालायला गेलो होतो; हात हलवत परत आलो.

मसुदा स्वतः करा, पण दाखल करण्याआधी एजंटच्या हाताखालून जाऊ द्या. इथे पैसे वाचवू नका.

८. अर्ज दाखल, घड्याळ सुरू

पहिला अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तुमची अग्रतेची तारीख. तिथून तीन मुदती मोजायच्या:

- १२ महिने: औद्योगिक संपदेच्या पॅरिस कराराप्रमाणे इतर देशांत त्याच तारखेचा हक्क सांगून अर्ज करण्याची मुदत.
- १८ महिने: अर्ज साधारण तेव्हा प्रसिद्ध होतो. तोवर सहसा कोणाला दिसत नाही.
- ३० महिने: पीसीटीच्या (पेटंट सहकार्य कराराच्या) आंतरराष्ट्रीय अर्जावरून एकेका देशात शिरण्याची मुदत. काही ठिकाणी ३१.

पीसीटीचा अर्ज म्हणजे ‘जागतिक पेटंट’ नव्हे. तसलं काही अस्तित्वातच नाही. त्यातून मिळतो तो वेळ आणि एक शोध-अहवाल, पेटंट शेवटी देशोदेशीच घ्यावं लागतं. जिथे पद्धत आहे तिथे आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करता येतो, पण दोन पानांचा अर्धवट कागद टाकून निश्चिंत होऊ नका. त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. तारखा घरच्या कॅलेंडरवरही लिहा. ऑफिसचं कॅलेंडर नोकरी बदलली की मागेच राहतं.

९. परीक्षकाचं पत्र आलं की

पहिलं पत्र बहुतेकदा नकाराचंच असतं. मी ते वाचून दोन दिवस कोणाशी बोललो नाही. एजंटनं मात्र ते चहा पीत पीत वाचलं. नकार दोन तऱ्हांचे असतात. ‘नावीन्य नाही’ म्हणजे तुमच्या क्लेममधले सगळे भाग एकाच जुन्या कागदात सापडले. ‘उघड आहे’ म्हणजे दोन-तीन कागद जोडून जाणकार माणूस तिथे सहज पोचला असता. दुसऱ्याला उत्तर देताना विचारा: हे दोन कागद एकत्र करायचं कोणाला का सुचलं असतं? आमच्या वेळी परीक्षकानं व्हॉल्व्हच्या अडकण्याची चाचणी घेणारं एक पेटंट काढलं होतं. तिथेही व्हॉल्व्ह किंचित हलवत होते, पण बघत होते व्हॉल्व्हकडे. इम्पल्स लाइनचा विचारच नव्हता. त्या फरकावर आणि आमच्या तुलनेच्या डेटावर गाडी पुढे सरकली.

वेळ लागतो. ब्लॅकच्या अॅम्प्लिफायरला १९२८ च्या अर्जावर पेटंट मिळालं डिसेंबर १९३७ मध्ये. आउटपुट पुन्हा इनपुटला उलटं जोडून अॅम्प्लिफायर सुधारतो, यावर पेटंट कार्यालयाचा विश्वासच बसत नव्हता.

१०. पेटंट मिळालं म्हणजे विकायला मोकळीक मिळाली असं नाही

पेटंटनं दुसऱ्याला अडवता येतं. स्वतःला बनवायचा परवाना मिळत नाही. तुमची सुधारणा ज्या मूळ पद्धतीवर उभी आहे तिचं पेटंट दुसऱ्याकडे जिवंत असेल, तर तुम्हीही अडकता. म्हणून विक्रीआधी, ज्या देशांत विकायचं तिथली चालू पेटंटं वेगळी तपासा. तिसऱ्या पायरीचा शोध इथे पुरत नाही: तिथे ‘कोणी सांगितलं होतं का’ ते बघितलं, इथे ‘कोणाचा क्लेम अजून लागू आहे’ ते बघायचं. वार्षिक शुल्क न भरल्यानं बरीच पेटंटं मुदतीआधीच मरतात, तेव्हा प्रत्येकाची सद्यस्थिती बघा. नाहीतर मेलेल्या पेटंटला घाबरून बसाल.

जिवंत निघालं तर तीन वाटा: परवाना घ्या, मुदत संपायची वाट बघा किंवा वळसा घाला. वॉटनं वळसा घातला होता. इंजिनाला चाक फिरवायचं होतं, पण क्रँक वापरण्याच्या रचनेचं पेटंट १७८० साली जेम्स पिकार्डनं घेतलं होतं. वॉटनं १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दातेरी चाकांची रचना पेटंट केली आणि क्रँकशिवाय इंजिन फिरवलं. पिकार्डची मुदत संपल्यावर क्रँक सगळ्यांनाच मोकळा झाला.